गुण्या आण रे!

मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. अण्णा सोप्यात दाराची चौकट जुळवत बसले होते. दोन गुडघ्यांत लाकूड धरलेलं, तोंडात दोन खिळे. खिळे तसेच ठेवून ते म्हणाले, "गुण्या आण रे." मी उठलो आणि सरळ गल्लीत पळालो. आमच्या आळीत गण्या होता, बाळ्या होता, सद्या होता. गुण्या कोण ते मला ठाऊक नव्हतं, पण अण्णांना ठाऊक असणारच. चार घरांपुढे हाका मारल्या, कुणी ओ देईना. शेवटी ऐकण्यात आपलीच चूक झाली असं ठरवून गण्यालाच हाताला धरून आणला. त्याच्या दुसऱ्या हातात अर्धी भाकरी होती. अण्णांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तोंडातले खिळे काढले आणि इतके हसले की चौकट गुडघ्यांतून सुटली.

हसू ओसरल्यावर त्यांनी ढलप्यांच्या ढिगात हात घातला आणि लोखंडाची एक चपटी पट्टी वर काढली. एक हात लांब, एक आखूड, मध्ये काटकोन. "ह्यो गुण्या. ह्याच्यापुढं कुणाचं वाकडं चालत न्हाई."

पुढे कितीतरी वर्षं तो मला माणूसच वाटायचा. रंधा, पटाशी, करवत ही अवजारं काम करतात; लाकूड सोलतात, खोदतात, कापतात. गुण्या काहीच करत नाही. नुसता कोपऱ्यात येऊन उभा राहतो आणि बाकीच्यांनी केलेल्या कामावर हो किंवा नाही म्हणतो. सासऱ्यासारखा.

अण्णा गेले तेव्हा पेटी उघडली. रंधे, पटाशा, हातोड्या धाकट्या भावाकडे गेल्या, कारण धंदा त्याने चालवला. मी एकतीस वर्षं बँकेत खुर्चीवर बसलो. सुताराचा मुलगा असून आजही साधी फळी सरळ कापता येत नाही. भाऊ म्हणाला, "तुला काय देऊ?" मी गुण्या मागितला. "तुला त्याचा काय उपयोग?" म्हणाला, पण दिला. तेव्हापासून तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात उभा आहे. शब्दकोशांचा टेकू म्हणून.

निवृत्तीनंतर लोक योग शिकतात, पेटी शिकतात. मी लॅटिन शिकायला घेतलं. शाळेत संस्कृत होतं, रूपं पाठ करण्याची खाज अंगात मुरलेली होती, एवढंच कारण. पहिलाच धडा आकारान्त स्त्रीलिंगी नामांचा. माला माले मालाः म्हणत डोललेल्या माणसाला तो धडा म्हणजे जुन्या वाड्यात पुन्हा शिरल्यासारखं होतं. शब्दांच्या यादीत गुलाब होता, टेबल होतं, मुलगी होती, आणि तळाला कुठेतरी नोर्मा. अर्थ: सुताराचा, गवंड्याचा काटकोन.

मी उठून कपाटापाशी गेलो आणि गुण्याकडे पाहिलं. म्हणजे हॉस्पिटलच्या कागदावर येतं ते नॉर्मल, चौकशीला गेल्यावर सांगतात ते नॉर्म्स, बातम्यांत येतं ते अ‍ॅबनॉर्मल, हे सगळे ह्याचे वंशज!

आता ह्या शब्दाचं व्याकरण जरा सांगू द्या. कंटाळा येणाऱ्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडावेत, राग नाही. लॅटिनमध्ये नोर्माची प्रथमा ऱ्हस्व 'अ'वर संपते. द्वितीया नोर्मम्, आपल्या 'मालाम्'ची सख्खी बहीण, फक्त स्वर आखूड झालेला. षष्ठी आणि चतुर्थी दोन्ही नोर्माए, आणि पंचमीच्या जागी जे रूप येतं त्यात शेवटचा स्वर दीर्घ: नोर्मा. गंमत अशी की रोमन लिपी ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाही, म्हणून प्रथमा आणि हे शेवटचं रूप कागदावर हुबेहूब सारखं दिसतं. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. हाच शब्द देवनागरीत लिहिला असता तर काना असण्या-नसण्यावर काम भागलं असतं! जुन्या लॅटिनमध्ये ह्या रूपाच्या शेवटी 'द्' होता. इसवी सनपूर्व 186 मधला, बाकस देवाच्या उत्सवांवर बंदी घालणारा रोमन सीनेटचा हुकूम काशाच्या पत्र्यावर कोरलेला आहे, त्यात 'सेन्तेन्तिआद्' असं रूप आढळतं. पुढे तो 'द्' गळाला, मागे फक्त लांबलेला स्वर राहिला.

षष्ठीचं अनेकवचन आहे नोर्मारुम्. हा 'रुम्' कुठून आला असा मला प्रश्न पडला होता. उत्तर घरातच निघालं. ते मुळात 'आसाम्'सारखं काहीतरी होतं. दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' करायची लॅटिनला सवय. 'तद्' सर्वनामाचं स्त्रीलिंगी षष्ठी अनेकवचन आठवा: तासाम्. तेच. सर्वनामाचा प्रत्यय लॅटिनने उचलून नामाला लावला. शाळेत 'तस्याः तयोः तासाम्' घोकताना रोमच्या सुतारांचा विचार कुणी केला होता? आणि हो, लॅटिनमध्ये द्विवचन उरलेलं नाही. गुण्याला दोन हात असले तरी.

मला खरा चटका लागला तो तृतीयेचा. संस्कृतात तृतीयेला करण म्हणतात, आणि करण म्हणजेच साधन, अवजार. कुऱ्हाडीने तोडतो, करवतीने कापतो, गुण्याने तपासतो. म्हणजे अवजाराच्या नावाला सगळ्यांत स्वाभाविक विभक्ती कुठली असेल तर ही. आणि लॅटिनमध्ये नेमकी तीच विभक्ती मोडीत निघालेली! तिचं काम पंचमीच्या अंगावर पडलं, सप्तमीचंही बरंचसं तिनेच उचललं. तीन भावांचा संसार एकाच सुनेने ओढावा तशी ती विभक्ती आहे. अण्णांचं बोलणं मला आठवतं ते बहुतेक करणातच आठवतं. "गुण्यानं बघ." "रंध्यानं काढ." "हातानं चाचप, डोळ्यावर इस्वास ठेवू नको."

ह्या शब्दाचा उगम मात्र सरळ रेषेत सापडत नाही. बऱ्याच अभ्यासकांचा कल असा की हा ग्रीक 'ग्नोमोन'चा लॅटिन अवतार आहे, आणि तो थेट न येता एत्रुस्कन लोकांच्या तोंडातून आला. एत्रुस्कन म्हणजे रोमच्या उत्तरेचे जुने शेजारी. त्यांच्या वाटेने ग्रीक शब्द आला की काहीतरी मोडूनच येतो. ग्रीक दिव्याचं नाव 'लाम्प्तेर' लॅटिनमध्ये 'लान्तेर्ना' झालं ते ह्याच वाटेने. मूळ पुल्लिंगी शब्दाची द्वितीया 'आ'सारख्या स्वरावर संपायची, ऐकणाऱ्याने ती स्त्रीलिंगी प्रथमा समजून घेतली, झालं. रोमन मोजणीदारांचं अवजार होतं 'ग्रोमा': खांबावर आडवा क्रूस, त्याच्या चार टोकांना चार ओळंबे. त्याचे लोखंडी भाग 1912 मध्ये पॉम्पेईतल्या एका दुकानात सापडले. ग्रोमाही ग्नोमोनचीच लेक मानतात. म्हणजे एकाच बापाच्या दोन मुली. एक शेतं मोजायला गेली, दुसरी लाकूड तपासायला.

दिव्याचं निघालंच आहे तर सांगून टाकतो. आपला कंदील. लॅटिन 'कान्देला' म्हणजे मेणबत्ती. ती ग्रीकांकडे गेली, तिथून अरबांकडे 'किंदील' झाली आणि अशी हिंडत हिंडत आमच्या गोठ्याच्या खुंटीवर येऊन लटकली. ह्यापुढे कुणी मला शुद्ध मराठी शब्दांबद्दल ऐकवू लागला की मी कंदिलाकडे बोट दाखवतो.

तर ग्नोमोन. ग्रीकमध्ये ह्याचा सुतारी काटकोन असाही अर्थ होता आणि सूर्यघड्याळाचा खिळा असाही. आपण ज्योतिषात ज्याला शंकू म्हणतो तो. पण शब्दाचा धात्वर्थ आहे 'जाणणारा'. धातू तोच, आपला 'ज्ञा'. लॅटिनमध्ये तो 'नोस्को' झाला. आधी 'ग्नोस्को' होता, पुढे 'ग' पडला. इंग्रजीत 'नो' झाला, 'क' लिहितात पण म्हणत नाहीत. आपण ज्ञ लिहितो आणि द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात. ह्या एका जोडाक्षराने कुणालाच सुखाने राहू दिलेलं नाही. म्हणजे सावली पडली की वेळ जाणणारा तो ग्नोमोन, आणि कोपरा जाणणारा तोही ग्नोमोनच. अण्णांनी दिलेली ओळख आठवली. ह्याच्यापुढं कुणाचं वाकडं चालत न्हाई.

एवढं झाल्यावर गुण्याचं मूळ शोधणं आलंच. मला वाटत होतं गुणाशी काही संबंध असेल. गुणी म्हणून गुण्या. तसं काही नाही. हिंदीत गुनिया, फारसीत गोनिया, तुर्की सुतार म्हणतो गोन्ये. बहामनी आणि आदिलशाही काळात फारसी शब्द आपल्याकडे आले ते सगळेच दरबारात राहिले नाहीत. काही थेट सुताराच्या पेटीत जाऊन बसले. रंधा फारसीच, 'रंदा'. आणि फारसी गोनिया आला ग्रीक 'गोनिया'वरून. गोनिया म्हणजे कोपरा, कोन. त्याच्या मुळाशी आहे 'गोनु', गुडघा. संस्कृत जानु, लॅटिन गेनु, इंग्रजी नी, तिथेही 'क' मुका! आजानुबाहू म्हणतो त्यातला हा जानु. वाकवलेला गुडघा हा माणसाला माहीत असलेला पहिला कोपरा असणार.

मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. एकच अवजार. पश्चिमेला त्याचं नाव पडलं 'जाण'वरून, पूर्वेला 'जानु'वरून. दोन्ही नावं ग्रीकांच्या अंगणातून निघाली. एक एत्रुस्कनांच्या वाटेने रोमला गेलं आणि पुढे इंग्रजीत बसून आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर आलं. दुसरं इराणवरून दख्खनमध्ये उतरून आमच्या सोप्यात ढलप्यांखाली पडून राहिलं. आणि दोघांची संस्कृत नातेवाईक मंडळी इथेच होती, ओळखसुद्धा न देता.

गुण्या मुलगा आहे असं समजलो म्हणून मी वेडा ठरलो, पण नोर्मा ही तर खरोखर बाई आहे. 26 डिसेंबर 1831 रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात बेल्लिनीच्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. नायिका गॉलमधली, म्हणजे जुन्या फ्रान्सातली, पुजारीण, नाव नॉर्मा. पुढे हे नाव मुलींना ठेवू लागले. आपल्याकडे गोव्यात, वसईकडे नॉर्मा नावाच्या मावश्या भेटतात. त्यांच्यापैकी कुणाला जाऊन सांगावं, की बाई, तुमचं नाव सुताराच्या पेटीत सापडतं? मी सांगणार नाही.

विट्रुव्हियस हा रोमन वास्तुकार. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात त्याने बांधकामावर दहा भाग लिहिले. नवव्याच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की कारागीर मोठ्या कष्टाने नोर्मा बनवतात, तरी ती खरी उतरवणं त्यांना जेमतेम जमतं. पिथागोरसने मात्र कारागिराच्या हाताशिवाय ती कशी करायची ते दाखवलं. तीन पट्ट्या घ्या, तीन फूट, चार फूट, पाच फूट. टोकाला टोक लावून त्रिकोण करा, काटकोन तयार. वाचून मला बापाचा अपमान झाल्यासारखं वाटलं. कारण तीन-चार-पाच अण्णांना पिथागोरसाशिवाय येत होतं. जोत्याची आखणी असली की गवंडी आणि ते सुतळी घ्यायचे, एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये पाच भरले की "गुण्यात आलं". भरले नाहीत तर खुंटी हलवायची. आपस्तंबाच्या शुल्बसूत्रांतही यज्ञवेदी आखायला हेच आकडे आहेत, दोरीनेच. बौधायनाने तर आयताच्या कर्णाचा नियमच सांगून ठेवलाय. विट्रुव्हियसला हे कुणी सांगायला हवं होतं, पण तो तरी काय करणार.

तरीही एका गोष्टीत तो बरोबर होता. नोर्मा खरी उतरवणं अवघड असतं. गुण्या बाकी सगळ्यांना तपासतो, पण गुण्याला कोण तपासणार? त्याचा उपाय अण्णांनी मला दाखवला होता तेव्हा मी आठवीत होतो आणि मला त्यात अजिबात रस नव्हता. फळीची एक कड रंध्याने सरळ करायची. तिला गुण्याचा एक हात टेकवून दुसऱ्या हाताने पेन्सिलीची रेघ मारायची. मग गुण्या उलटा करायचा, पालथा, आणि त्याच बिंदूतून पुन्हा रेघ. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाता जाता फाकल्या तर खोटा, आणि जी फट दिसते ती खऱ्या चुकीच्या दुप्पट. "चूक दुप्पट दाखवतो त्यो," अण्णा म्हणाले होते, "म्हंजे दिसती तरी."

रोमनांनी ह्या अवजाराचं पुढे काय केलं ते पाहण्यासारखं आहे. रोमन वक्ता सिसेरो जुन्या थोर माणसांबद्दल लिहिताना म्हणतो की ते शहाणे होते, पण 'ह्यांच्या नोर्मेप्रमाणे' नव्हते. ह्यांच्या म्हणजे स्टोइक तत्त्वज्ञांच्या. म्हणजे अवजार सुताराच्या हातातून काढून पंडितांच्या हाती दिलं. कवी होरेस काव्याबद्दल बोलताना सांगतो की गेलेले शब्द परत येतील, आज मानाचे असलेले पडतील, वापराने मनात आणलं तर. कारण बोलण्याचा निवाडा, हक्क आणि नोर्मा वापराच्याच हातात आहे. 'नोर्मा लोक्वेन्दी', बोलण्याचा गुण्या. पुढे शतकानुशतकं व्याकरणकार हे वाक्य घोकत आले आणि त्यांतले निम्मे त्याच्या बरोबर उलट वागले. आमच्या शुद्धलेखनवाल्यांना मी हे ऐकवत नाही, उगाच भांडण.

ह्याच होरेसच्या एका उपहासिकेत एक साधा शेतकरी येतो, ओफेल्लुस. होरेस त्याला 'अब्नोर्मिस सापिएन्स' म्हणतो. कुठल्याच संप्रदायाच्या गुण्यात न बसणारा शहाणा. इथे व्याकरणाची एक सुरेख गोष्ट आहे. नोर्मा आकारान्त, पण समासात शिरली की शेपूट बदलते: अब्नोर्मिस, एनोर्मिस. लॅटिनमध्ये ही रीत आहे. शस्त्रं म्हणजे आर्मा, निःशस्त्र म्हणजे इनेर्मिस. आपल्याकडे लज्जा, पण निर्लज्ज. शंका, पण निःशंक. बहुव्रीहीत शिरलं की शेवटचा स्वर वाकतो. रोम आणि पाणिनी, दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्याचं विशेषण व्हायचं तर स्वतःचा शेवट बदलावा लागतो.

एनोर्मिस म्हणजे काटकोनाबाहेरचा. वेडावाकडा. इसवी सन 64 च्या रोमच्या आगीबद्दल इतिहासकार टॅसिटस लिहितो की जुन्या रोमच्या गल्ल्या अरुंद, इकडेतिकडे वळलेल्या, आणि वस्त्या 'एनोर्मिस'. म्हणून आग भराभर पसरली. तिथे त्याला 'प्रचंड' म्हणायचं नाही. काटकोनात नाहीत एवढंच म्हणायचंय. जे मापात बसत नाही ते हळूहळू मापापेक्षा मोठं वाटू लागलं आणि इंग्रजीत एनॉर्मस म्हणजे अवाढव्य झालं. सदाशिव पेठेतल्या काही बोळांना टॅसिटसचा शब्द लागू पडतो, इंग्रजांचा नाही.

आणि नोर्मालिस? रोमन माणसाला ह्याचा अर्थ नेहमीचा, सर्वसाधारण असा कधी वाटलाच नसता. नोर्मालिस म्हणजे काटकोनी. क्विन्टिलियन वक्त्यांना शिकवताना सांगतो की टोग्याची, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या रोमन वस्त्राची, घडी सांभाळायला डावा हात इतकाच उचला की कोपरापाशी 'नोर्मालिस' कोन व्हावा. ह्या अर्थाचं नॉर्मल आमच्याही वाट्याला आलं होतं, फक्त दुसऱ्या नावाने. प्रकाशाचं अपवर्तन शिकताना काचेच्या चिपेवर काढायची ती स्तंभिका, तीच इंग्रजीत नॉर्मल. पृष्ठभागावर काटकोनात उभी रेघ. सर फळ्यावर ती काढायचे तेव्हा आम्ही ती पाठ केली. तिला गुण्या लावून बघितला नाही.

मधला टप्पा फ्रान्सचा. 1794 मध्ये क्रांतीनंतरच्या सरकारने पॅरिसमध्ये 'एकोल नोर्माल' काढायचं ठरवलं. बाकीच्या शाळांनी जिच्या मापाने चालायचं अशी, शिक्षक घडवणारी शाळा. तिथून नॉर्मल स्कूल हा शब्द जगभर गेला. एकोणिसाव्या शतकात पुण्यातही आला. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रांत नॉर्मल स्कूलमधल्या शिक्षणाचा उल्लेख येतो. म्हणजे सुताराच्या पेटीतला शब्द, मुलींना शिकवायला निघालेल्या एका बाईपाशी. तिच्या अंगावर शेण टाकणारे स्वतःला नक्कीच नॉर्मल समजत असणार, आजच्या अर्थाने. 'बहुतेकांचं असतं तसं' हा अर्थ इंग्रजीत रुळला तोही त्याच शतकात. गुण्या म्हणतो, असं असायला हवं. नवा नॉर्मल म्हणतो, असं बहुधा असतं. ह्या दोन्हींत किती फट आहे ते मला शब्दकोशातून कळलं नाही. डॉक्टरांच्या खोलीत कळलं.

शेवटच्या दोन वर्षांत अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. पेला धरला तर चहा बशीत. रेघ मारायला गेले तर पेन्सिल नाचायची. मी त्यांना शहरात घेऊन आलो, तपासण्या केल्या. डॉक्टर चांगले होते, त्यांनी वेळ देऊन पाहिलं आणि म्हणाले, "काळजीचं कारण नाही. ह्या वयात हे नॉर्मल आहे." बाहेर रिक्षात अण्णांनी विचारलं, "नॉर्मल म्हंजे?" मी म्हणालो, "म्हणजे ठीक आहे. नेहमीसारखं." त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. ऐंशी वर्षांच्या हाताला तो नेहमीसारखाच असेल. सुताराच्या हाताला नव्हता. तेव्हा मला लॅटिन येत नव्हतं. येत असतं तरी मी काय सांगणार होतो?

दक्षिणेच्या आकाशात नोर्मा नावाचं एक नक्षत्रही आहे. अठराव्या शतकात लाकाय नावाचा फ्रेंच खगोलवेत्ता केप ऑफ गुड होपला जाऊन दक्षिणेचे तारे मोजून आला आणि त्याने कारागिरांची अवजारं आकाशात मांडली. काटकोन आणि पट्टी हे त्याचं मूळ नाव, पुढे लॅटिनमध्ये नुसतं नोर्मा राहिलं. वृश्चिकाच्या शेपटीच्या खाली, फिकट. ताऱ्यांची नावं आजही लॅटिन षष्ठीत देतात, गॅमा नोर्माए म्हणजे नोर्मेचा गॅमा, त्यामुळे ह्या शब्दाची एक विभक्ती तरी रोज कुठल्यातरी वेधशाळेत वापरात आहे. ह्या नक्षत्रात अल्फा आणि बीटा मात्र नाहीत. सीमा पुन्हा आखल्या तेव्हा ते दोन तारे वृश्चिकाकडे गेले. आमच्या गावातल्या बांधांसारखंच. मे महिन्यात गावी गेलो की उशिरा रात्री गच्चीवर जातो. क्षितिजापासून फार वर नसतं ते, त्यात गावाचे दिवे. मला अजून खात्रीने ओळखता आलेलं नाही.

गेल्या रविवारी हे सगळं लिहायला बसलो आणि कपाटातून गुण्या काढला. शब्दकोश आडवे झाले. स्वयंपाकघरातली पोळपाटाशेजारची फळी घेतली; बायकोने विचारलं काय चाललंय, मी म्हणालो व्याकरण. एक कड जरा बरी होती. तिला गुण्या टेकवला, रेघ मारली. उलटा केला, त्याच बिंदूतून दुसरी. खाली दोन्ही एक होत्या. वर टोकापाशी केसभर फाकलेल्या.

मग चष्मा लावून पाहिलं. गुण्याच्या सांध्यावर, आतल्या कोपऱ्यालगत, तीन बारीक खड्डे होते. पंचने ठोकल्यासारखे. एवढी वर्षं कपाटात समोर असून ते कधी दिसले नव्हते. भावाला फोन लावला. तो म्हणाला, अण्णा दर दोन-तीन वर्षांनी ते करायचे. लोखंड पडतं, आपटतं, कोन मिटतो. आतल्या कोपऱ्यापाशी पंचने ठोकलं की तिथलं लोखंड पसरतं आणि हात बाहेर ढकलले जातात. कोन उघडला असेल तर बाहेरच्या कोपऱ्यापाशी ठोकायचं. "कोन मिटलाय का उघडलाय?" त्याने विचारलं. मी पाहिलं. मिटला होता.

"मग आत ठोक," तो म्हणाला. "एकच. जोरात नको. आन् परत रेघ मारून बघ."

पंच माझ्याकडे नव्हता. खिळा होता.